लस दिली, तरी टायटर चढेना

आमच्या लेअर फार्मवर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडवर, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी चुकत नाही. लासोटा ही जिवंत लस डोळ्यातून, पुढे ठरलेल्या वयात मारलेल्या विषाणूची किल्ड व्हॅक्सिन मानेच्या कातडीखाली. कुठली बाटली कधी उघडली तेही वहीत लिहिलेलं असतं. तरी गेल्या पावसाळ्यानंतर रक्ताचे नमुने पाठवले, तर टायटर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचं रक्तातलं प्रमाण, पडलेला आला. त्याहून वाईट म्हणजे तो एकसारखा नव्हता. एका पक्ष्याचा बरा, शेजारच्याचा जवळपास नाहीच. मरतूक थोडीच वाढली होती, अंड्यांचा टक्का मात्र हळूहळू उतरत होता. सांवेरच्या पुढे आमची शेड आहे आणि आम्ही राहतो इंदूरला, रामबागेत. त्या दिवसांत रोज जाताना वाटेत एकच प्रश्न डोक्यात: लस दिली, मग गेली कुठे?

ज्याला विचारावं तो लसीकडे बोट दाखवी. कंपनी बदला, डोस वाढवा, पाण्यातून पुन्हा द्या. मक्याचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

नाव काढलं ते आमच्या डॉक्टरांनी. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, वयस्कर. त्यांनी नुकतेच मेलेले पक्षी मागवले आणि शेडच्या बाहेरच उघडले. यकृत पिवळट, फुगलेलं. अंगठ्याने जरा दाबलं तर भुगा व्हावा तसं तुटलं. त्यावर बारीक रक्ताचे ठिपके. मग एका तरुण पक्ष्याची शेपटीकडची बर्सा ग्रंथी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "या वयाला ही केवढी हवी, ताई, आणि आहे केवढी बघा." ती फार लहान होती. कोंबडीच्या शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी या बर्सात तयार होतात. ती सुकली असेल तर लस कितीही चांगली असो, तिचा धडा शिकणारं आत कुणी उरत नाही. डॉक्टर म्हणाले, "लसीचं नंतर बघू. आधी मका दाखवा."

गोदामात वरची पोती स्वच्छ होती. भिंतीला लागून, सगळ्यात खालच्या थरातलं पोतं उसवलं तेव्हा दाणे सुटे पडेनात, गठ्ठ्याने आले. हात आत घातला तर ऊब लागली. दाण्याच्या टोकाशी हिरवट पूड आणि कुबट वास. मका आणणाऱ्या व्यापाऱ्याला फोन केला, तर तो एवढंच म्हणाला, "भाभी, माल तो ऊपर से नीचे तक सूखा था." त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा तपासणी करून घेणं मला महत्त्वाचं वाटलं.

इथे नमुना घेण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे मक्यावरच्या बुरशीने तयार केलेलं विष, सगळ्या मक्यात सारखं पसरलेलं नसतं. शंभर दाणे स्वच्छ आणि एकात भरपूर, असं असतं. म्हणून वरच्या पोत्यातली मूठभर मका पाठवून आलेला "ठीक" हा शेरा काही कामाचा नाही. आम्ही बऱ्याच पोत्यांत वर, मध्ये, खाली परखी (दाणे काढायची टोकदार नळी) मारली, सगळं एकत्र दळलं, ढीग करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, पुन्हा मिसळले, पुन्हा चार भाग. शेवटी उरलं ते प्रयोगशाळेत गेलं. भारतीय मानकाप्रमाणे कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिनचा बी-1 हा प्रकार 20 पीपीबीच्या वर नको. पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम, इतकं सूक्ष्म. आमचा आकडा त्या मर्यादेच्या दुपटीहून वर निघाला.

एवढ्याने पक्षी धडाधड मरत नाहीत, आणि धोका आहे तो त्यातच. 1960 साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीमुळे लाखाहून अधिक टर्की मेले, तेव्हा कुठे जगाला या विषाचा पत्ता लागला. आपल्या बाजूचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे: 1974 मध्ये, तेव्हा झाबुआला लागून असलेल्या राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहालच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. थोड्या मात्रेत मात्र हे विष गाजावाजा करत नाही. आधी प्रतिकारशक्ती खाली आणतं, आणि बाहेरून पक्षी बराच काळ धडधाकट दिसतो.

भाजून, दळून किंवा गोळी पाडून हे विष जात नाही. बुरशीनाशक आम्ल मारलं तर पुढची बुरशी थांबते, आधी तयार झालेलं विष तिथेच राहतं. खराब मका बाजूला काढला, तर एक ओळखीचे दूधवाले तो निम्म्या भावात मागायला आले. गाईला चालतो म्हणाले. मी दिला नाही. गाईच्या पोटात गेलेलं बी-1 दुधात एम-1 या दुसऱ्या विषाच्या रूपात उतरतं, आणि ते दूध आपल्याच मुलांच्या पेल्यात येतं. सासरे तोट्याचा हिशोब करत बसले होते, पण खड्डा खणताना तेही सोबत आले.

पोटातलं विष अडवायला बाइंडर सुरू केलं: टनाला काही किलो बेंटोनाइटची माती. अफ्लाटॉक्सिन आतड्यातच तिला चिकटतं आणि विष्ठेवाटे निघून जातं. पण शरीरात आधीच पोचलेल्या विषाचं काय? मिनरलचा विषय इथे सुरू होतो, आणि मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथेच.

यकृत या विषावर काम करायला जातं आणि त्यातून आणखी तिखट रूप तयार होतं, जे पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. त्याला निकामी करायला शरीराकडे ग्लुटाथिओन नावाचं द्रव्य असतं. याच ओढाताणीत पेशी जाळणारी पेरॉक्साइडं वाढतात. ती विझवणारं ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) सेलेनियमशिवाय बनतच नाही. जस्त आणि तांबं मिळून दुसरं विकर, मँगनीजचं तिसरं. शिवाय थायमस ग्रंथीच्या संप्रेरकाला जस्त लागतं, म्हणून जस्त कमी पडलं की प्रतिकारशक्तीचा दुसरा पायही लंगडतो. माळव्याच्या काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता आहेच. त्यात मका-सोयाच्या खाद्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, आणि लेअरच्या खाद्यात कवचासाठी घातलेलं भरपूर कॅल्शियम ती पकड आणखी घट्ट करतं. पोत्यावर जस्ताचा आकडा छापलेला असला तरी पक्ष्याच्या रक्तात तेवढं पोचत नाही, ते यामुळे.

डॉक्टरांनी प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायचं खनिज-जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण, बदलून दिलं. जस्ताचा काही भाग सल्फेटऐवजी अमिनो आम्लाशी बांधलेला, सेलेनियम यीस्टमधलं, सोबत ई जीवनसत्त्व. सेलेनियमबाबत त्यांनी फार बजावून सांगितलं. गरज आणि विषबाधा यांच्यातलं अंतर कमी. एकूण खाद्यात टनाला 0.3 ग्रॅमच्या वर जायचं नाही. इतकं थोडं द्रव्य गोदामातल्या काट्यावर तोलून मिक्सरमध्ये टाकणं म्हणजे एका पोत्यात ढीगभर आणि दुसऱ्यात काहीच नाही. ते कारखान्यातून पातळ करून आलेल्या प्रीमिक्समधूनच द्यावं, आणि आधीच्या मिनरल मिक्श्चरमध्ये किती आहे ते वजा करूनच. बाजारात "इम्युनिटी बूस्टर" म्हणून मिळणारी बाटली वरून पाण्यात घालणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या पक्ष्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मिनरल चांगलं दिलं म्हणजे खराब मका चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. डॉक्टरांनी क्रम घालून दिला होता: मका बदला, मग बाइंडर, मग मिनरल. पहिली पायरी गाळली तर पुढच्या दोन्ही पायऱ्यांवरचा पैसा वाया. चांगला मका आल्यावरही बाइंडर ढिलेपणाने वाढवत नेलं तर ते जीवनसत्त्वं आणि काही खनिजंही धरू शकतं, म्हणून तेही मापात.

नवा मका घेताना आता मॉइश्चर मीटर ट्रकच्या फाळक्यावरच लागतो. ओलावा 13 टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गाडी परत. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आधी आलेली आधी संपवायची. छावनीच्या मंडीत त्यासाठी क्विंटलमागे थोडा जास्त भाव मोजावा लागतो. तो मोजताना सासरेबुवा आता काही बोलत नाहीत.

पुढच्या खेपेचे नमुने गेले, तेव्हा टायटर वर आला आणि मुख्य म्हणजे पक्ष्यापक्ष्यांतला फरक कमी झाला. ज्यांची बर्सा लहानपणीच खुरटली होती, ते पक्षी मात्र तसेच राहिले. नव्या पिल्लांचं खाद्य पहिल्या दिवसापासून तपासलेल्या मक्याचं ठेवलं, आणि खरा फरक तिथे दिसला. थंडीत काही पक्ष्यांच्या तोंडात चट्टे आले, तो टी-2 या वेगळ्याच बुरशीविषाचा संशय आहे. बेंटोनाइट त्याला नीट धरत नाही, म्हणून डॉक्टरांनी यीस्टच्या पेशीभित्तीचं बाइंडर सुचवलं आहे. पुढच्या नमुन्यात अफ्लाटॉक्सिनबरोबर टी-2चीही तपासणी लिहून दिली आहे.