अंधाराशी घासाघीस

भर दुपारी कॅमेऱ्याला कोणी काही विचारत नाही. ‘ऑटो’वर ठेवायचा, बटण दाबायचं, झालं. उजेड इतका मुबलक असतो की आपला आळस त्यात सहज खपून जातो. तोच कॅमेरा दिवेलागणीनंतर अडून बसतो. काय देणार ते बोला, म्हणतो.

द्यायला आपल्याकडे तीनच गोष्टी. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) उघडा, शटर (त्या उजेडासमोरचा पडदा) जास्त वेळ उघडं ठेवा, नाहीतर आयएसओ वाढवा. त्यातही तिसऱ्या वाटेने नवा उजेड येत नाहीच, आलेला फक्त फुगवून दाखवला जातो. आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते.

अ‍ॅपर्चरचा मोह सगळ्यात मोठा. एफ/४ वरून एफ/१.८ वर आलं (आकडा लहान, तितकं भोक मोठं) की उजेड जवळजवळ पाचपट. पण मेणबत्तीच्या उजेडात कोणाचा तरी चेहरा टिपायचा आहे, फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स आहे आणि अंतर मीटरभर आहे, असं धरा. एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा. जवळच्या डोळ्याच्या पापण्या एक न एक मोजून घ्या, कान मात्र विरघळलेला. समोरचा माणूस हसून जरा पुढे झुकला, की फोकस डोळ्यांवरून निसटून थेट कानावर. त्यामुळे लेन्स पूर्ण उघडता येते म्हणून उघडायचीच, हा हट्ट मला पटत नाही. एफ/२.८ वर बऱ्याचदा दोन्ही डोळे तरी पदरात पडतात.

शटरसाठी जुना ठोकताळा आहे: लेन्स जितक्या मिमीची, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून संथ जायचं नाही. ५० मिमी असेल तर १/५०. हल्लीच्या स्टॅबिलायझेशनमुळे त्याहून बरंच खाली जाता येतं, पण ते सावरतं आपला हात. समोरच्याचं डोकं हललं तर त्याला कोण काय करणार? फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या जनकांपैकी एक असलेल्या डागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, तर एक्स्पोजर (उजेड आत घेण्याचा वेळ) इतकं लांब की रहदारी फोटोत उमटलीच नाही. बुटाला पॉलिश करून घेत उभा असलेला एक माणूस तेवढा राहिला. गप्पा मारत बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतं, लहान मूल असेल तर १/२५० सुद्धा कमीच.

राहिला आयएसओ, आणि बदनाम झालेला तोच. ‘१६००च्या वर जाऊ नकोस’ असं बजावणारे जाणकार जागोजागी भेटतात. कारण आयएसओ वाढवला की फोटोत दाणे, म्हणजे खरखरीत ठिपके, दिसतात. खरं तर ते पडतात मुख्यतः उजेड कमी असतो म्हणून. प्रकाशाचे कण शिस्तीत येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील तर साधारण १० मागेपुढे होणार, म्हणजे दहा टक्के गडबड. १०,००० पडत असतील तर १००, म्हणजे एकच टक्का. आयएसओ ८०० वर रोखून काळाकुट्ट फोटो काढला आणि मग संगणकावर उजळवला, तर दाणे तेवढेच निघतात, काही कॅमेऱ्यांत जास्तच. मी बिनधास्त ६४०० लावतो. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला टाकूनच द्यावा लागतो.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची खोड वेगळीच. समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे अशी त्याची ठाम समजूत. काळोखी खोली दाखवली की तो तिची ढगाळ संध्याकाळ करून ठेवतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचा हिशोब कमीजास्त करण्याची सोय) उणे एकवर न्यायचं. कोपरे काळे राहतात, राहू द्यावेत. तिथे काही दिसत नव्हतंच की!

असाच आगाऊपणा ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाची रंगछटा आपोआप काढून टाकणाऱ्या सोयीचा. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), चांगला पिवळाजर्द. हा तो धुवून काढायला बघतो आणि चेहऱ्यावर ऑफिसातल्या ट्यूबलाइटची कळा आणतो. मी तो बंद करून ‘डेलाइट’ लावतो, माणूस फारच केशरी दिसायला लागला तर केल्विनचा आकडा ४००० च्या आसपास उतरवतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढला तर हे सगळं नंतर निवांतही करता येतं. मला मात्र ते समोर दिवा जळत असतानाच जुळवायचं असतं. नंतर पिवळा नेमका किती पिवळा होता, हे कोणाच्या लक्षात राहतंय!