वाऱ्याच्या वेळापत्रकाने : बहामातील एक्झुमा बेटांमध्ये शिडाच्या नौकेवर

मायामीहून बिमिनी, तेथून नासाऊ आणि एक्झुमा बेटे, मग जॉर्जटाऊन, आणि पुढे टर्क्स व कैकोस आणि डॉमिनिकन रिपब्लिक करीत मार्चअखेर प्वेर्तो रिको, असा आमचा मूळ बेत होता. प्रत्यक्षात आम्ही जॉर्जटाऊनपर्यंत गेलो आणि तेथून परत फिरलो. फ्लोरिडात स्थायिक झालेल्या एका पुणेकर दांपत्याची ३८ फुटी शिडाची नौका, ते दोघे आणि आम्ही दोघे, अशी ही मंडळी होती. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेमुळे शिडाची नौका म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अथांग महासागर उभा राहतो. हा प्रवास त्या जातीचा नव्हे. यात नौका बहुतेक काळ नांगरावर उभी असते, तिच्यावर स्वयंपाक, धुणे आणि दुरुस्त्या चालतात, आणि पुढच्या मुक्कामाला कधी जायचे हे घड्याळ किंवा दिनदर्शिका ठरवीत नाही, तर वाऱ्याची दिशा ठरवते. जे कोणी या मार्गाने जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी, बेत बदलला तरी दिनक्रम विस्कटू नये म्हणून काय करता येते, हे मुख्यतः येथे लिहीत आहे.

पहिली परीक्षा गल्फ स्ट्रीमची असते. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधून हा प्रवाह सरासरी अडीच ते तीन नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने उत्तरेकडे वाहतो. वाऱ्यात उत्तरेचा थोडासा जरी अंश असला तरी वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात आणि उंच, उभ्या, एकमेकींना चिकटून येणाऱ्या लाटा उठतात. अशा पाण्यात चांगली मजबूत नौकाही माणसांना नकोशी होते. म्हणून मायामीच्या दक्षिणेस ‘की बिस्केन’ या बेटावरील ‘नो नेम हार्बर’मध्ये नौका थांबून राहतात आणि वारा दक्षिणेकडून वाहू लागताच निघतात. आमचे प्रस्थान बरेच दिवस लांबले. या काळात इंजिनाचा पट्टा बदलणे, शिडाची उसवलेली शिवण पुन्हा घालणे आणि ताज्या भाज्यांची शेवटची खरेदी ही कामे झाली. बिमिनीपर्यंतचे अंतर सुमारे ४५ सागरी मैल असले, तरी साडेपाच-सहा नॉट वेगाच्या नौकेला आठ तास लागतात आणि तेवढ्या वेळात प्रवाह तिला वीसएक मैल उत्तरेकडे ढकलतो. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, दक्षिणेकडे रोखून तिरके जाण्याचा हिशोब त्यामुळे आधीच मांडून ठेवावा. बिमिनीला पोहोचल्यावर प्रवेशाची औपचारिकता पूर्ण होईपर्यंत पिवळे निशाण लावायचे असते आणि तोवर कप्तानाखेरीज कोणी किनाऱ्यावर उतरायचे नसते. परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. शुल्क बदलत असते, ते निघण्यापूर्वी ताजे पाहून घ्यावे. भारतीय पारपत्रधारकांनी व्हिसाची चौकशी वकिलातीकडेच करावी, बंदरावरील ऐकीव माहितीवर विसंबू नये.

बिमिनीच्या पुढे ग्रेट बहामा बँक, म्हणजे समुद्रातला विस्तीर्ण उथळ भाग, लागतो. सत्तरेक सागरी मैल पाणी केवळ तीन ते पाच मीटर खोल, जमीन कोठेही दृष्टीस पडत नाही, आणि तळाची वाळू स्पष्ट दिसत राहते. हे पाणी संपले की समुद्राचा तळ एकाएकी हजार मीटरहून अधिक खाली जातो. नासाऊविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे: इंधन, वायूची टाकी, किराणा आणि ‘पॉटर्स के’ (‘के’ म्हणजे सखल लहान बेट) येथील धक्क्यावरील मासळी. शहरात रेंगाळण्याचे कारण मला तरी दिसले नाही.

नासाऊहून आग्नेयेस सुमारे ३५ मैलांवर हायबोर्न के आहे आणि तेथून एक्झुमा बेटांची माळ सुरू होते. ही बेटे वायव्य-आग्नेय दिशेने ओळीने पसरलेली आहेत. पूर्वेला एक्झुमा साउंडचे अत्यंत खोल पाणी आहे, तर पश्चिमेला बँकेचे उथळ. नेहमीचा वारा पूर्वेचा असल्यामुळे नौका बेटांच्या पश्चिम बाजूला नांगर टाकतात. बेटे सखल असल्याने वारा अडत नाही, पण लाटा अडतात, आणि तेवढे पुरते. अडचण हिवाळ्यात येते. उत्तर अमेरिकेवरून थंड हवेची आघाडी खाली उतरते, कधी आठवड्याला एक, कधी त्याहूनही लवकर. तिचा क्रम ठरलेला असतो: वारा आग्नेयेकडून दक्षिणेला वळतो आणि मंदावतो, मग नैर्ऋत्य, पश्चिम, आणि आघाडी डोक्यावरून गेली की वायव्येकडून २५-३० नॉटच्या झोतांनी सुटतो; पुढे उत्तर आणि ईशान्य करीत दोन-तीन दिवसांत पुन्हा पूर्वेला येऊन स्थिरावतो. ज्या नांगरवाड्यात आदल्या संध्याकाळी पाणी आरशासारखे होते, तीच जागा पश्चिमेचा वारा सुटताच उघडी पडते आणि मागे खडकाळ किनारा असतो.

यामुळे एक्झुमामध्ये प्रवासाचा आराखडा बेटांच्या क्रमाने न आखता आसऱ्यांच्या क्रमाने आखावा लागतो. चहूबाजूंनी आडोसा देणाऱ्या जागा मोजक्याच आहेत, आणि आघाडी येणार हे सर्वांनाच एकाच वेळी कळत असल्याने त्या आदल्या दिवशी दुपारीच भरतात. वॉर्डरिक वेल्स हे बेट ही त्यांतली उत्तम जागा. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या एक्झुमा के लँड अँड सी पार्कचे मुख्यालय येथेच आहे आणि उत्तरेकडील खाडीत वाळूच्या पट्ट्याभोवती चंद्रकोरीसारख्या वळणाऱ्या गडद निळ्या पाण्यात बांधून ठेवण्याचे तरंगते खुंट आहेत. उद्यानाच्या हद्दीत मासेमारी नाही, शिंपला उचलायचा नाही आणि कचरा टाकायचा नाही. आम्ही येथे एका रात्रीसाठी शिरलो होतो. पाठोपाठ दोन आघाड्या आल्या आणि मुक्काम वाढत गेला. बू बू हिल नावाच्या टेकडीवर येणारे नाविक वाहत आलेल्या लाकडावर आपल्या नौकेचे नाव कोरून ठेवतात. ते सगळे वाचून काढण्याइतका वेळ आम्हांला मिळाला.

नांगराबाबत काटकसर करू नये. पाणी ३ मीटर, भरतीची वाढ सुमारे १ मीटर आणि पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर धरली तर एकूण ५ मीटर होतात. साध्या वाऱ्यात याच्या पाचपट, म्हणजे २५ मीटर साखळी सोडावी, आणि आघाडी येणार असेल तर सात-आठपट. साखळी सोडल्यावर इंजिन उलटे चालवून नांगर वाळूत रुतवावा आणि नंतर चष्मा लावून पाण्यात उतरून तो प्रत्यक्ष पाहावा. येथील पाणी इतके नितळ आहे की ही तपासणी टाळण्याला सबबच नाही. शेजारच्या नौकेची साखळी किती आहे हेही विचारून घ्यावे, कारण वारा फिरला की सर्व नौका फिरतात आणि कमी-जास्त साखळीच्या नौका एकमेकींवर येतात.

दिवसाची सुरुवात हवामानाने होते. सकाळी सहाच्या सुमारास अंदाज उतरवून घ्यायचा, अंदाजाची दोन वेगवेगळी संगणकीय प्रारूपे ताडून पाहायची, आणि मगच चहा. चार दिवसांपुढच्या अंदाजावर आमच्या यजमानांनी कधीही निर्णय घेतला नाही, आणि हे धोरण मला शहाणपणाचे वाटले. त्यानंतर विजेचा हिशोब. छतावरील सौर पट्ट्यांतून येणारी वीज शीतकपाट, दिवे, दूरसंवाद आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र यांत वाटून घ्यायची असते. आमचे यंत्र तासाला सुमारे २५ लिटर पाणी देत असे आणि ते ऊन भरात असताना, म्हणजे अकरा ते दोनमध्येच चालवले जाई. आघाडीच्या दिवसांत आकाश भरून येते, शिवाय ढवळलेल्या पाण्यातली वाळू यंत्राच्या गाळण्या तुंबवते. म्हणून आसऱ्याच्या जागी शिरण्याआधीच टाक्या काठोकाठ भरून घ्याव्यात. माणशी १५ लिटरमध्ये दिवस निभावतो. आंघोळ समुद्रात करायची आणि शेवटी दोन तांबे गोडे पाणी अंगावर घ्यायचे. भांडी खाऱ्या पाण्यात घासून गोड्या पाण्यात विसळायची. कपडे मात्र साठवून ब्लॅक पॉइंटला न्यावेत. तेथील धुलाईघर या मार्गावरील सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि गावात नारळ घातलेला ताजा पावही मिळतो.

स्वयंपाकात मराठी घराला मोठा फायदा आहे. बेटांवर भाजी आणि फळे नासाऊहून येणाऱ्या आठवड्याच्या टपालबोटीने येतात. वारा जोराचा असला तर तीही उशिरा येते आणि दुकानातली फळी रिकामी राहते. पाश्चात्य नौकांवर अशा वेळी डबे उघडले जातात. आमच्याकडे मटकी आणि मूग होते. उबदार, दमट हवेत त्यांना एका दिवसात मोड येतात, शीतकपाटातली जागा अडत नाही, आणि उसळीच्या रूपाने रोज ताजे अन्न मिळते. प्रेशर कुकर न्यावाच, कारण त्याचे झाकण बंद राहते आणि नौका हेलकावली तरी उकळते वरण कोणाच्या अंगावर सांडत नाही. शिवाय वायूही कमी लागतो. भाजणी, मेतकूट, पोहे आणि गोडा मसाला घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून न्यावा, कागदी खोकी मात्र किनाऱ्यावरच सोडावीत, कारण त्यांतून झुरळांची अंडी नौकेवर येतात. कोबी सर्वांत जास्त टिकतो. कांदे आणि बटाटे एकत्र ठेवू नयेत. प्रवासाच्या दिवशी पोळ्या पहाटेच करून ठेवाव्यात. खवळलेल्या पाण्यात पोळपाट जागेवर राहत नाही, आणि शेगडीपाशी उभे राहणाऱ्यालाच समुद्र आधी लागतो.

स्टॅनियल के या बेटाजवळची पोहणारी डुकरे पाहिली नाहीत तरी काही बिघडत नाही. ओहोटी सरल्यावर, प्रवाह थांबलेला असताना थंडरबॉल गुहेत पोहणे मात्र चुकवू नये.

ब्लॅक पॉइंटच्या दक्षिणेला बँकेवरचे पाणी इतके उथळ होते की ज्या नौकेचा तळ पाण्याखाली दीड मीटर आहे तिला बेटांमधील एखाद्या खिंडीतून एक्झुमा साउंडमध्ये बाहेर पडावे लागते. येथे भरती-ओहोटी पाहणे अनिवार्य आहे. ओहोटीचे पाणी खिंडीतून पूर्वेकडे धावत असते आणि समोरून पूर्वेचा वारा येत असतो, तेव्हा खिंडीच्या तोंडाशी पाण्याची भिंत उभी राहते. पाणी थबकलेले असताना किंवा भरती आत येत असताना जावे. मात्र तक्त्यातील वेळ आणि खिंडीतील प्रत्यक्ष वेळ यांत फरक पडतो, म्हणून थोडे आधी पोहोचून पाण्याकडे पाहत थांबावे. तेथून जॉर्जटाऊन ४० ते ४५ मैल, एका दिवसाचा प्रवास.

जॉर्जटाऊनला नाविक गमतीने ‘भित्र्यांचे बंदर’ म्हणतात, आणि त्यामागे भूगोल आहे. येथवर बहुतेक मुक्कामांना बेटांचा आडोसा असतो. येथून प्वेर्तो रिको सरळ रेषेतही सहाशे सागरी मैलांच्या आसपास आहे, दिशा आग्नेय आहे, आणि व्यापारी वारे नेमके पूर्व-आग्नेयेकडून, म्हणजे तोंडावर येतात. हिवाळ्यात ते आठवडेच्या आठवडे २० नॉटच्या वर राहू शकतात. पुढे सरकण्याची संधी आघाडीमुळे वारा मंदावतो तेवढ्याच एक-दोन दिवसांची असते. आमच्या मुक्कामात अशा संधी आल्या, पण पुढच्या आसऱ्यापर्यंत पोहोचण्याइतक्या लांब नव्हत्या. दरम्यान जॉर्जटाऊनच्या एलिझाबेथ हार्बर या बंदरात दिनक्रम बसला होता: सकाळी आठ वाजता रेडिओच्या ७२ क्रमांकाच्या वाहिनीवर सर्व नौकांची सभा, ज्यात हवामानापासून सुट्या भागांच्या देवाणघेवाणीपर्यंत सगळे होते, मग रबरी होडीने गावातल्या लेक व्हिक्टोरिया नावाच्या तळ्यात शिरून बाजार आणि धक्क्यावरचे मोफत गोडे पाणी. पूर्वेचा वारा असला की समोरच्या स्टॉकिंग आयलंडच्या बाजूला, पश्चिमेचा होणार असला की मैलभर अलीकडे गावाच्या बाजूला, अशी नौका हलवत राहायची. परत फिरण्याचा निर्णय यजमानांनी मांडला तेव्हा कोणी फारसा वाद घातला नाही. त्याऐवजी लिटल एक्झुमावर जाऊन किनाऱ्यावरची कर्कवृत्ताची रेषा पाहून आलो.

या बदलाचा खर्च कमी झाला, कारण परतीची विमानाची तिकिटे कोणीच काढून ठेवली नव्हती. पाहुणे येणार असतील तर त्यांना तारीख द्यावी किंवा ठिकाण द्यावे, दोन्ही देऊ नयेत, हा येथील नाविकांचा नियम अक्षरशः पाळावा. तारीख पक्की असेल तर पाहुण्यांनी नासाऊला उतरावे आणि नौका ज्या बेटाजवळ असेल तेथे लहान विमानाने यावे. विम्याच्या कागदांतील अटही वाचून ठेवावी, कारण १ जूनपासून चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो आणि त्या काळात कोणत्या अक्षांशाच्या आत राहायचे हे अनेकदा कंपनी ठरवते.

परतीचा प्रवास सोपा असतो. वारा पाठीशी असतो आणि गल्फ स्ट्रीमही मदत करते, त्यामुळे मायामीचा हट्ट सोडून उत्तरेकडील लेक वर्थ बंदर धरले तर प्रवाहाशी झगडावे लागत नाही. उत्तरेच्या वाऱ्याचा नियम मात्र तोच राहतो. अमेरिकेत पोहोचताच सीमाशुल्क खात्याला आगमन कळवावे लागते. ते ‘सीबीपी रोम’ या ॲपवरून होते, आणि त्याची नोंदणी जाण्यापूर्वीच करून ठेवावी. नौकेवर उरलेले अन्न त्या वेळी जाहीर करावे लागते. ताजी फळे आणि भाज्या जप्त होऊ शकतात, म्हणून बिमिनी सोडण्याआधीच ती शिजवून संपवावीत.