गुडघा तपासायला घेतो तेव्हा

पेशंट दारातून आत येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत सात-आठ पावलं चालतो. ती मी चुकवत नाही. नाव पुकारलं की लिहिणं थांबवून दाराकडे बघायचं, कारण सहज चालणं पुन्हा दिसत नाही. ‘जरा चालून दाखवा’ म्हटलं की माणूस जपून चालतो. भार पडताच गुडघा बाहेरच्या अंगाला हिसका खात असेल, तर आतल्या कप्प्यातली कूर्चा बरीच झिजलेली असते. गुडघा पूर्ण सरळ न करताच पाऊल टेकत असेल, तर आत पाणी तरी आहे नाहीतर काही अडकलं तरी आहे. आणि धडच दुखऱ्या बाजूला कलत असेल, तर गुडघ्याला हात लावण्याआधी खुबा तपासायचा, हे तिथेच ठरतं.

बसल्या बसल्या फाइल पुढे सरकते. त्यात सगळ्यांत वर एमआरआयचा रिपोर्ट असतो. तो मी पालथा ठेवतो. ‘गादी फाटली आहे’ हे आधी वाचलं की बोटांना ती फाटलेली लागतेच. पन्नाशीपुढच्या गुडघ्यात हा धोका जास्त. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांची गादी, म्हणजे सांध्यात दोन हाडांच्या मधली कूर्चेची चकती (मेनिस्कस), फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिनाभरात दुखलाच नव्हता. फाटलेलं दिसतं ते खरंच असतं, पण दुखणं तिथूनच येतंय हे रिपोर्ट सांगू शकत नाही.

पहिला प्रश्न: एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं? बोट आतल्या बाजूला सांध्याच्या फटीवर गेलं तर गादी किंवा झीज. फटीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, नडगीच्या आतल्या अंगाला गेलं तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांखालची पिशवी सुजलेली असू शकते. हे दुखणं बऱ्याचदा झिजेच्या खात्यात जातं. वाटीभोवती दुखतं आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त, तर वाटीचा सांधा. बोटाऐवजी अख्खा पंजा मांडीवरून फिरवला, की मी खुबा आणि कंबर दोन्ही तपासतो.

दुखापत असेल तर सूज कधी आली, हे तारखेपेक्षा महत्त्वाचं. कबड्डीत चढाईवर पाय रोवून वळताना ‘कट’ आवाज आला आणि दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त आहे. मग एसीएल, म्हणजे सांध्याच्या आतलं पुढचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), तुटलं, वाटी निसटली किंवा सांध्यातलं हाड मोडलं, यांतलं काहीतरी असणार. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, तर गादीचा संशय आधी. ‘गुडघा अडकतो’ हा शब्द मी तसाच लिहून घेत नाही. हलवल्यावर कट कट वाजणं म्हणजे अडकणं नव्हे. शेवटचे १५-२० अंश सरळच होत नाहीत आणि जोर लावला की आत रबर असल्यासारखं परत ढकलतं, ते खरं अडकणं. त्याला लवकर शस्त्रक्रिया लागू शकते. ‘पाय निसटतो’ याचेही दोन अर्थ आहेत. सपाट जमिनीवर वळताना निसटला तर लिगामेंट, जिना उतरताना दुमडला तर मांडीचा पुढचा स्नायू कमजोर.

सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? अर्ध्या तासाच्या आत सैल झालं तर झीज. तासभर आखडत असेल तर मी बोटांचे लहान सांधे बघतो आणि सोरायसिसचे चट्टे आहेत का हे विचारतो. मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, देशी संडास वापरता येतो का, हेही विचारतो. परदेशी प्रश्नावल्यांमध्ये हे क्वचितच असतं, पण आपल्याकडे गुडघ्याचं काम याच मोजमापाने ठरतं.

वय बघून दोन गोष्टींबाबत मी घाई करतो. दहा ते सोळा वर्षांचं, बहुधा स्थूल मूल गुडघा दुखतो म्हणून आलं आणि गुडघ्यात काहीच सापडलं नाही, तर खुबा वाकवून बघतो. वाकवताना मांडी आपोआप बाहेर वळली, तर मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या चकतीपासून घसरत असतं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्हींना एकाच नसेच्या फांद्या जातात. असं मूल चालत घरी पाठवायचं नाही. स्ट्रेचरवरूनच खुब्याचे दोन बाजूंचे एक्सरे. दुसरी गोष्ट, वाढत्या वयात गुडघ्याच्या वर किंवा खाली गाठ आणि रात्री झोप मोडणारं दुखणं. तिथे मालीश, शेक, ‘वाढीचं दुखणं आहे’ वगैरे सगळं बंद, त्याच दिवशी एक्सरे. हाडाचा कॅन्सर या वयात गुडघ्याभोवतीच सर्वांत जास्त आढळतो.

तपासताना दोन्ही पाय अर्ध्या मांडीपर्यंत उघडे लागतात. पँट गुंडाळून वर केली तर ती मांडी आवळते आणि स्नायूचा अंदाज चुकतो. ओपीडीत सैल हाफपँटी आणि धुतलेल्या चादरी ठेवल्या, पडदा आणि नर्स असली, की साडीतल्या आजींचीही तपासणी नीट होते. आधी चांगला गुडघा, मग दुखरा. पेशंटला धीर येतो आणि माझ्या हाताला त्याचं ‘नेहमीचं’ कळतं. वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर खूण करून टेपने घेर मोजतो. एक सेंटिमीटरचा फरक धरत नाही, दोन भरला तर त्या पायाचा वापर कमी झालाय.

पाण्यासाठी वाटी दाबून ती आत टेकते का बघणं सगळ्यांना येतं, पण त्याला पाणी बरंच लागतं. थोडं असेल तर आतली बाजू तळव्याने वर पुसायची, मग बाहेरची बाजू वरून खाली. आतल्या खळग्यात लाट आली की पाणी आहे. दाबल्यावर लाट नाही, मळलेल्या कणकेसारखं लागतंय, तर सांध्याचं अस्तर जाड झालंय. सोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि घटलेलं वजन असेल, तर आपल्याकडे क्षयरोग वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सरळपणा मोजायला पालथं झोपवून पावलं टेबलाबाहेर काढायची आणि दोन टाचांच्या उंचीतला फरक बघायचा. एक सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश. उताणं झोपवून गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायची पट्टी, लावला तर तीन-चार अंशांची कसर सहज निसटते.

आता लिगामेंटं. इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्यातल्या बऱ्याच क्रम चुकल्यामुळे. दोन्ही गुडघे ९० अंशात वाकवून, पावलं टेबलावर ठेवून, मी आधी हात न लावता बाजूने बघतो. एका बाजूची नडगी मागे पडलेली दिसली तर मागचं लिगामेंट, पीसीएल, तुटलंय. हे न बघता नडगी पुढे ओढली, तर मागे पडलेलं हाड मूळ जागी येतं आणि वाटतं की पुढे सरकलं. पीसीएलच्या पेशंटच्या कागदावर ‘एसीएल तुटलं’ असं लिहिलं जातं ते असंच.

एसीएलसाठी माझा भरवसा लॅकमनवर. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन यांचं नाव या चाचणीला १९७६ साली त्यांच्याच शिष्याने दिलं. गुडघा २० ते ३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा नडगीच्या उंचवट्यावर, आणि नडगी पुढे ओढायची. किती सरकली यापेक्षा शेवटी ‘टक्’ करून थांबली की मऊ सरकतच गेली, हे बोटांना जास्त सांगतं. दुसऱ्या बाजूपेक्षा तीन ते पाच मिलिमीटर जास्त म्हणजे पहिली पायरी, पाच ते दहा दुसरी, त्यापुढे तिसरी. पैलवानाची मांडी हातात मावत नाही. तेव्हा आपला गुडघा टेबलावर टेकवून त्याची मांडी त्यावर ठेवायची आणि वरून दाबायची. मांडीमागचे स्नायू ताठ असतील तर चाचणी खोटी निघते. म्हणून ओढण्याआधी मी त्या स्नायूंच्या मागच्या दोऱ्या बोटाने चाचपतो आणि सैल होईपर्यंत गप्पा मारतो.

मग आतलं आणि बाहेरचं लिगामेंट: बाजूने ताण देऊन, एकदा ३० अंशांत, एकदा पूर्ण सरळ. फक्त ३० अंशांत फट उघडली तर त्या बाजूचं एकटं लिगामेंट. सरळ असतानाही उघडली तर मधली एसीएल-पीसीएलही तुटली आहेत, म्हणजे गुडघा कधीतरी पूर्ण निखळून आपोआप बसला असेल. अशा वेळी मागची रक्तवाहिनी आतून चिरलेली असू शकते. पायाची नाडी लागली तरी समाधान मानायचं नाही. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब काढायचा आणि ०.९ च्या खाली आला तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला लगेच बोलवायचं. पाऊल वर उचलता येतं का, हेही त्याच मिनिटाला बघायचं.

गादीसाठी मॅकमरे चाचणी, म्हणजे वाकलेला गुडघा पिळत सरळ करणं, सगळे करतात, मीही करतो, पण फार किंमत देत नाही. झिजलेल्या गुडघ्यात ते हवं तसं वाजतं. सांध्याच्या फटीवर नेमकं दुखणं आणि २० अंश वाकलेल्या एका पायावर उभं करून, हात धरून, तीनदा वळवल्यावर उठणारी कळ, यांवर माझी मदार.

ताज्या दुखापतीत एक्सरे कुणाला, यासाठी कॅनडातल्या ओटावाचे पाच निकष पुरतात: वय ५५ वा जास्त, फक्त वाटीवर दुखणं, बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, ९० अंश न वाकणं, चार पावलंही न टाकता येणं. एकही लागू पडला तर एक्सरे. त्यात बाहेरच्या कडेला हाडाची बारीक किरची दिसली तर ती सेगाँची खूण, आणि एसीएल तुटलं असं जवळपास धरून चालायचं. पॅरिसच्या पॉल सेगाँ यांनी हे १८७९ साली लिहिलं. एक्सरेचा शोध त्यानंतर १६ वर्षांनी लागला.

झिजेचा एक्सरे मात्र उभं करूनच. झोपवून काढला तर भार नसतो, फट छान दिसते आणि ‘गॅप चांगली आहे’ असा निरोप घेऊन पेशंट परत येतो. फिल्मवर ‘उभे राहून’ लिहिलेलं नसेल तर मी पुन्हा काढायला सांगतो. गुडघा ४५ अंश वाकवून मागून काढलेल्या चित्रात मागची झीज दिसते, ती सरळ उभ्या चित्रात लपते. केलग्रेन आणि लॉरेन्स यांची एक्सरेवरून झीज मोजायची ० ते ४ श्रेणी १९५७ पासून चालत आली आहे. मी ती लिहितो, पण तिच्यावरून दुखणं किती हे ठरवत नाही.

गरम, लाल, एक अंशही हलवू न देणारा गुडघा आणि ताप: इथे सुईने सांध्यातलं पाणी काढणं आधी, अँटिबायोटिक नंतर. उलटं झालं तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही आणि आठवडाभर अंदाजाने औषध चालतं. १८ नंबरची सुई, वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून. पेशी मोजायला ईडीटीएची (गोठू न देणाऱ्या रसायनाची) बाटली, कल्चरला निर्जंतुक बाटली, स्फटिक बघायला वेगळा नमुना. घन मिलिमीटरला ५०,००० वर पांढऱ्या पेशी म्हणजे पू समजून चालायचं, पण आकडा कमी आला म्हणून पू नाही असं होत नाही. स्फटिक सापडले तरी कल्चर रद्द करायचं नाही. गाउट, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी येणारी सांध्याची सूज, आणि जंतू एकत्र नांदू शकतात. सिरिंजमध्ये रक्त आलं तर ते ट्रेमध्ये ओतून दिव्याखाली धरतो. वर चरबीचे थेंब तरंगले तर हाड सांध्यात मोडलंय, एक्सरेत दिसो न दिसो.

रक्ततपासण्यांचं थोडक्यात: गाउटच्या ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, आणि आमवातासाठी करतात तो आरए फॅक्टर निरोग्यातही पॉझिटिव्ह निघतो.

एवढं झाल्यावर पालथा रिपोर्ट सरळ करतो. माझ्या कागदावरच्या ओळीशी जुळला तर काम झालं. नाही जुळला तर फिल्म स्वतः बघतो आणि आधी तपासतो की डाव्याच्या जागी उजवा तर काढला नाही. नवीन एमआरआय लागणार असेल तर फॉर्मवर ‘गुडघेदुखी’ एवढंच लिहीत नाही. बाजू, दुखापतीची तारीख, लॅकमनची पायरी आणि एकच प्रश्न, जसं की ‘एसीएलसोबत बाहेरची गादी फाटली आहे का’. ताजा सुजलेला गुडघा पहिल्या दिवशी धड तपासूच देत नाही. अशा वेळी कागदावर ‘तपासणी अपुरी’ लिहितो, आधाराचा पट्टा आणि कुबड्या देतो, आणि सूज उतरल्यावर दहा-बारा दिवसांनी पुन्हा बोलावून लॅकमन पहिल्यापासून करतो.