रस्ता केंद्राचा, कागद राज्याचे: महामार्गाच्या मोबदल्याचा माझा अनुभव

काटोलच्या बाजूला आमचं वडिलोपार्जित वावर आहे. अर्ध्यात संत्रा, अर्ध्यात कापूस-तूर. मधला एक पट्टा राष्ट्रीय महामार्गात गेला. मी नोकरीसाठी नागपुरात, बाबांना आता धावपळ झेपत नाही, म्हणून मोबदल्याचं सगळं माझ्याकडे आलं. गावात अजून बऱ्याच जणांचं बाकी आहे आणि सगळे फोन करून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

राष्ट्रीय महामार्ग हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचा विषय. जमिनीची दप्तरं मात्र राज्याच्या महसूल खात्याकडे, आणि भूसंपादन समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांचं. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली जमीन केंद्र घेतं, पण मोबदला ठरवणारा ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून बहुधा आपलाच उपविभागीय अधिकारी नेमलेला असतो. पगार राज्याचा, काम केंद्राचं. कोणता निर्णय कोणाचा, हे ज्याला कळलं त्याच्या निम्म्या चकरा वाचतात.

पेपरात थ्री-ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना आली की हरकतीला २१ दिवस असतात. आम्ही हरकत घेतली, सुनावणी झाली, फेटाळली. रस्त्याची आखणी अशा हरकतीनं सहसा हलत नाही. त्यानंतर वर्षाच्या आत थ्री-डी, म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा, निघावी लागते, नाहीतर थ्री-ए रद्द होते. थ्री-डी निघाली त्या दिवसापासून जमीन केंद्राची. मोबदल्याचा एक रुपया हातात नव्हता, उभा कापूस आमचा होता, आणि मालक भारत सरकार! बाबा सातबारा हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत.

खरी लढाई झाडांची झाली. संयुक्त मोजणी झाली की मूल्यांकनाचे तुकडे पडतात: फळझाडं कृषी खात्याकडे, सागवान वनखात्याकडे, विहीर आणि गोठा बांधकामवाल्यांकडे. ही सगळी राज्याची खाती. पथक आलं ते भर मे महिन्यात. आम्ही मृग बहर, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारा बहर, धरतो, त्यामुळे झाडं ताणावर होती. पाणी तोडलेलं, पानं गळालेली, फळ एक नाही. ज्याला संत्रा माहीत नाही त्याला ती वाळलेलीच वाटणार. पथकातल्या एकानं ‘अनुत्पादक’ असं लिहायला घेतलंच होतं. मी म्हटलं, साहेब, झाडं ताणावर आहेत हे पंचनाम्यात लिहा, नाहीतर मी सही करत नाही. सोबत नागपूरच्या कळमना मार्केटच्या मागच्या हंगामाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, जोडल्या. शेजारच्यानं पट्ट्या ठेवल्याच नव्हत्या, त्याची बाग कमी भावात गेली. ज्यांच्याकडे पथक अजून यायचं आहे त्यांनी पट्ट्या, फोटो आणि फळपिकाची सातबाऱ्यावरची नोंद आजच शोधून ठेवावी.

आकडेमोड २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे होते. बाजारभाव, त्याला ग्रामीण भागात १ ते २ मधला गुणांक, त्यात झाडं-बांधकाम, मग तेवढीच दिलासा रक्कम. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत, बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. बाजारभावासाठी रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, एकटा चालत नाही. मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाच्या निम्म्या दस्तांची सरासरी जास्त येत असेल तर ती धरतात. म्हणून आसपासच्या दस्तांच्या नकला आपणच काढून द्याव्यात. कर लागेल ही भीती घालणारे पुष्कळ भेटतात, पण याच कायद्याच्या कलम ९६ नं या निवाड्याला आयकरातून सूट दिली आहे.

निवाडा झाला आणि मग चेंडू इकडून तिकडे. राज्याच्या कार्यालयात ऐकलं, “भाऊ, निवाडा झाला जी तुमचा, पण पैसाच नाही आला तिकडून.” केंद्राच्या कार्यालयात साहेब म्हणाले, “हमने तो फंड डाल दिया.” शेवटी मी पैसे जमा केल्याच्या पत्राचा जावक क्रमांक एकीकडून लिहून घेतला आणि दुसरीकडच्या टेबलावर ठेवला. फाइल त्याच आठवड्यात हलली. दोन सरकारांमधला टपालवाला आपणच व्हायचं, एवढी तयारी ठेवा.

माझ्या मावसभावाचं वावर हिंगण्याकडे समृद्धी महामार्गात गेलं. तो रस्ता राज्याचाच, त्यामुळे सरळ खरेदी: दुय्यम निबंधकाकडे सही, वर २५ टक्के वाढीव, पैसे खात्यात. ऐकून जीव जळला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे वारसांचा घोळ नव्हता हेही खरं. आमच्या सातबाऱ्यावर दोन आत्या. धाकटी वर्ध्याला असते. तिच्या मुलाला हिस्सा वेगळा हवा होता. हिश्श्याचा वाद झाला तर सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि रक्कम अडकते, हे समजावल्यावर तिनं फोनवर एवढंच म्हटलं, “माझा जेवढा होते तेवढा माझ्या खात्यात टाक, अन् कोर्टात नको नेऊ रे बावा.” तसंच केलं, तिघांच्या खात्यात वेगवेगळी रक्कम.

झाडांची रक्कम समाधानकारक आली. जमिनीचा दर कमी वाटला म्हणून लवादाकडे गेलो. लवाद केंद्र नेमतं, पण बसतो तो राज्याचाच वरिष्ठ अधिकारी, सिव्हिल लाइन्समध्ये. आमचा मुख्य मुद्दा दराइतकाच वावराचे तुकडे पडल्याचा आहे. रस्त्यापलीकडे विहिरीविना उरलेल्या पट्ट्याचं नुकसान वेगळं धरता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे, पण ते मागावं लागतं. निवाड्यात ते शून्य होतं.

त्या पट्ट्यात बैलबंडी न्यायची तर भुयारी मार्ग पाहिजे. तो मंजूर करणार केंद्राचे लोक, आणि त्यांना आधी नकाशावर पांदण रस्ता, म्हणजे शेतात जायची वाट, दिसायला हवा, जो तहसीलच्या दप्तरात लागतो. आमची पांदण पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, नकाशात नाही. तिच्या मोजणीचे पैसे भरलेत, भूमापक दिवाळीनंतर येणार आहे.