जुम्मा तलाव ते झिरो माईल: शरदातलं नागपूर पायी

नागपूर पायी बघायचं असेल तर दसरा ते कार्तिकी पौर्णिमा हेच दिवस धरा. पाऊस गेलेला असतो, तलाव भरलेले असतात, आणि हिवाळी अधिवेशनाचे कठडे विधानभवनाभोवती अजून लागलेले नसतात. डिसेंबरात ते एकदा लागले की झिरो माईलच्या, म्हणजे गावांची अंतरं कोरलेल्या जुन्या खांबाच्या, आसपास पायी फिरण्यात काही मजा राहत नाही.

अडचण एकच, ऑक्टोबरचं ऊन. सव्वासहाला उजाडतं आणि दहानंतर पाठ भाजायला लागते. म्हणून फेरीचे तीन भाग करावे: सकाळी महाल आणि इतवारी, दुपारी अजब बंगला हे संग्रहालय, चारनंतर सिव्हिल लाइन्स. चालणं एकूण सात-आठ किलोमीटर होतं. दिवाळीनंतर ऊन सोसवतं, पण मग साडेपाचलाच अंधारून येतं आणि शेवटचा भाग घाईत उरकावा लागतो.

बाहेरून येणारे बहुतेक जण झिरो माईलपासून सुरुवात करतात, कारण त्या नावाचं मेट्रो स्टेशनच आहे. तिथंच चुकतं. या शहरानं तीन राजधान्या पाहिल्या, गोंडांची, भोसल्यांची आणि इंग्रजांच्या मध्यप्रांताची. पहिल्या दोन बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीच्या पूर्वेला वसल्या, तिसरी पश्चिमेला. पूर्वेकडून निघालात तर इतिहास ओळीनं समोर येतो. उलट गेलात तर भर अकराच्या उन्हात आणि गर्दीत महालाच्या गल्ल्यांमध्ये अडकता.

तेव्हा मेट्रोच्या ॲक्वा लाइननं कॉटन मार्केटला उतरा आणि चालत जुम्मा तलावावर या. पाटीवर गांधीसागर असतं, शुक्रवारी तलाव असंही म्हणतात, तीन नावं एकाच पाण्याची. देवगडच्या बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा नावाच्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी इथं आणली, गावाला तट घातला आणि हा तलाव बांधला. त्या तटाचा जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचं गांधी गेट, तलावापासून थोडं चालल्यावर लागतं. आठच्या आत पोचा. नंतर आटो आणि दुचाक्यांच्या गर्दीत दरवाजासमोर दोन मिनिटं उभं राहणंही जमत नाही. आधी बाहेरून, तलावाच्या बाजूनं बघा, मग आत जा. आपण एका तटबंद गावात शिरतोय हे तेव्हाच कळतं.

आत महाल. चांद सुलतान १७३९ मध्ये वारला, वारसांत भांडण लागलं, राणीनं वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं, आणि १७४३ पासून राजधानी भोसल्यांची झाली. काळा दगड आणि कोरीव लाकूड वापरून उभा केलेला त्यांचा राजवाडा १८६४ च्या आगीत गेला. सागवानी वाड्यांचं दुखणं हेच. खालचा दगड टिकतो, वरचे खांब आणि तुळया एका रात्रीत जातात. त्यामुळे महालात फिरताना अखंड राजवाडा शोधू नका. जोती, दरवाजे, कमानी आणि देवळं बघा. रुक्मिणी मंदिर आणि कल्याणेश्वर ही दोन भोसलेकालीन देवळं चुकवू नयेत. गोंडराजाचा किल्लाही याच भागात आहे. तिथं आणि जुन्या वाड्यांमध्ये लोक राहतात, म्हणून विचारल्याशिवाय चौकात शिरू नका आणि कॅमेरा उंचावू नका.

बडकस चौकातून उत्तरेला चितार ओळ. नागपुरात बाजाराच्या गल्लीला ओळ म्हणतात: सराफा ओळ, पोहा ओळ, किराणा ओळ. चितार ओळ मूर्तिकारांची. शरदात इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान पाऊण तास. मोठ्या मूर्तीला आधी लाकूड-बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीनं घट्ट आवळलेलं तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं अंग, मग मातीचे थर. पहिला थर जाड, त्यात तणस मिसळलेलं, म्हणजे माती धरून राहते. वरचा थर बारीक गाळलेल्या मातीचा. माती सुकताना आकसते, म्हणून थर घाईनं चढवले किंवा मूर्ती उन्हात ठेवली तर वरची साल आधी वाळते आणि तडा जातो, तोही बहुधा मनगटाला किंवा मानेला, जिथं जाडी एकदम बदलते. तडा दिसला की तिथं ओल्या मातीत बुडवलेली कापडाची पट्टी बसवतात, ती वाळू देतात आणि मग घोटतात. पूर्ण सुकल्याशिवाय पांढरा हात देत नाहीत, नाहीतर आतली ओल बाहेर येऊन रंग पोपडा धरतो. डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांचं काम चालू असताना बोलू नये, दारातून सरकून उजेड सोडावा.

नवरात्र संपलं की कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या, म्हणजे मुली गाणी म्हणत पुजतात त्या पार्वतीच्या, छोट्या मूर्ती आणि त्यानंतर दिवाळीच्या लक्ष्म्या मांडलेल्या दिसतात. भुलाबाई-भुलोजीची जोडी घ्यायची तर कोजागिरीच्या आधी घ्या. मूर्ती मातीची की प्लास्टरची, हे उलटी करून बघा. मातीची वजनाला जड लागते आणि तळाशी रंग न लागलेली माती दिसते.

सेंट्रल ॲव्हेन्यू ओलांडली की इतवारी. वेळ आणि पाय शिल्लक असतील तर सराफा ओळीपर्यंत जा, नाहीतर इथूनच परत फिरा. तर्री पोहे मात्र त्याआधीच, नऊच्या आत खा. तर्री म्हणजे हरभऱ्याचा जाळ रस्सा, आणि तो पातेल्यात वर-वरचा असतो तोवरच खरा. हातगाड्यांवर या दिवसांत सीताफळं आणि उकडलेले शिंगाडे असतात. अंबिया बहाराची संत्री येऊ लागलेली असतात, पण ऑक्टोबरातली आंबट. डिसेंबरापर्यंत गोडी भरते. नुसत्या केशरी रंगावर जाऊ नका, हातात जड लागेल ते संत्रं उचला.

चितार ओळ चौक स्टेशनवरून बर्डीला या आणि तिथंच लाइन बदलून झिरो माईलला उतरा. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, दुपारच्या उन्हाला उत्तम. सोमवारी मात्र बंद असतं.

चार वाजता टेकडीच्या पायथ्याशी, टेकडी गणपतीजवळ या. मंगळवारी आणि चतुर्थीला इथं रांग असते. वरचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्टसारख्या मोजक्या दिवशीच उघडतो, तेव्हा शरदात तो खालूनच बघायचा. टेकडी दोन उंचवट्यांची, मोठी आणि छोटी. पूर्वेला भोसल्यांचं शहर, पश्चिमेला इंग्रजांची रेसिडेन्सी आणि मधे ही टेकडी, हे एकदा लक्षात आलं की २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई इथंच का झाली ते वेगळं सांगावं लागत नाही. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं छोटी टेकडी घेतलीही होती, पण मोठी हाती आली नाही. किल्ला इंग्रजांनी बांधला तो त्यानंतर. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला तो नागपूर राजधानी धरूनच.

ती राजधानी आता संध्याकाळच्या उजेडात बघायची. झिरो माईलचा वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे यांचे फोटो सगळेच काढतात. शेजारचा बुटका दगड मात्र राहून जातो. तो १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला उंचीचा संदर्भ, समुद्रसपाटीपासून साधारण १०२० फूट. मोठ्या खांबाच्या बैठकीवर गावांची नावं आणि अंतरं कोरलेली आहेत. तिरपं ऊन पडलं की ती वाचता येतात, भर दुपारी नाही. पुढे विधानभवन, लाल विटांचं जीपीओ आणि हायकोर्ट. हायकोर्टाची इमारत एच. ए. एन. मेड यांची, १९४० मध्ये सुरू झालेली. ती रस्त्याच्या पलीकडून बघा, कारण जवळ गेल्यावर घुमट दिसेनासा होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि या इमारती राजधानीच्या राहिल्या नाहीत.

दीक्षाभूमी या फेरीत बसवू नका. १४ ऑक्टोबर आणि विजयादशमीच्या आसपास तिथं लाखो लोक येतात, भोवतालचे रस्ते वाहनांना बंद असतात. तिच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा आणि लक्ष्मीनगरच्या बाजूनं पायी जा.