४८ मात्रांचे रॉय हेन्स

२०२४ च्या कार्तिकी एकादशीला पंचवटीत एका भजनी मंडळाला साथ करून रात्री उशिरा घरी आले. दुसऱ्या दिवशी तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणायला निघाले होते, तेवढ्यात फोनवर बातमी दिसली: अमेरिकेतले जॅझ ड्रमर रॉय हेन्स गेले. जन्म १३ मार्च १९२५, बोस्टन. शंभरी पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. ऊस आणला, लग्न लागलं, मुरमुरे वाटून झाले आणि मग तबल्याच्या खोलीचं दार लावून मी त्यांना ऐकत बसले.

नाशकात मी बावीस वर्षं तबला शिकवते आणि गायकांना साथ करते. जॅझ आमच्या घरात कधीच नव्हतं. देवळाली कॅम्पहून एक मुलगा शिकायला यायचा, त्याच्या वडिलांनी एकदा पेनड्राइव्ह हातात ठेवला. म्हणाले, "ताई, यातला ड्रमर ऐका. तुमच्यासारखाच साथीचा माणूस आहे." लेस्टर यंग, चार्ली पार्कर, सारा व्हॉन, थेलोनियस मंक, कोल्ट्रेन, पुढे पॅट मेथेनी. हेन्सनी साथ केलेल्यांची ही यादी वाचतानाच अर्धं शतक उलटून जातं.

माझ्या कानात पहिली बसली ती 'मॅट्रिक्स'. चिक कोरियांच्या १९६८ च्या 'नाउ ही सिंग्ज, नाउ ही सॉब्ज' या रेकॉर्डवरची रचना. पियानोवर कोरिया, बासवर मिरोस्लाव्ह विटूस आणि ड्रमवर हेन्स, तिघंच. साचा ब्लूज या अमेरिकी गानप्रकाराचा: बारा बारचं (बार म्हणजे आपल्या तालातला विभाग) आवर्तन, दर बारला चार मात्रा. सवयीने वहीत मांडून पाहिलं. ४८. आपला एकताल बारा मात्रांचा आणि अतिविलंबितात एकेका मात्रेचे चार भाग मनात धरून आपण मोजतो तेही ४८! आमच्याकडे ते आवर्तन संपायला मिनिटभर लागतं, तिथे काही सेकंदांत संपतं. त्या रात्री मी तो तुकडा किती वेळा लावला याचा हिशेब नाही. अनोळखी गावात आपल्या वाड्याचा नकाशा सापडावा तसं झालं होतं.

त्या रेकॉर्डवर हेन्स जी सिंबल, म्हणजे ड्रमसोबतची धातूची थाळी, वाजवतात तिला मधला फुगवटा नाही, ती सपाट आहे. त्यामुळे आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पसरत नाही, प्रत्येक टोला किनारीवरच्या 'ना'सारखा सुटा आणि स्वच्छ येतो. आणि डावा पाय! जॅझमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट, म्हणजे पायाने चालणारी थाळ्यांची जोडी, मिटायची रीत आहे, ऐकणारा त्यावर चुटकी धरतो. हेन्स त्या रितीला बांधलेले नाहीत. एक आघात स्नेअर या समोरच्या छोट्या ड्रमवर पडतो, दुसरा पायाखालच्या मोठ्या ड्रमवर, मध्ये थोडी शांतता, आणि लय केसभरही हलत नाही.

मी हे करून पाहिलं. एका बैठकीत मध्यलय तीनतालात खाली (टाळी न देता सोडायची जागा) स्पष्ट दाखवलीच नाही, बोल तिथून उचलून समेच्या जरा अलीकडे नेऊन ठेवले. दुसऱ्याच आवर्तनात गायिकेची सम चुकली. मध्यंतरात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी दुसरा तबलजी घेतला. चूक माझीच होती. ठेका म्हणजे आमच्यात गायकाला दिलेला शब्द असतो, त्याच्या भरवशावर गायक दूर जाऊन येतो. 'मॅट्रिक्स'मध्ये ते आवर्तन विटूस आणि कोरिया दोघेही स्वतः वाहत असतात, म्हणून हेन्सना इतकं सैल राहता येतं. हे मला आधी कळायला हवं होतं.

गायकासोबत हेन्स कसे वाजवतात, हे मग मी मुद्दाम शोधलं. १९५३ ते १९५८ अशी पाच वर्षं ते सारा व्हॉनबरोबर होते. १९५७ मध्ये शिकागोच्या मिस्टर केलीज क्लबात केलेलं ध्वनिमुद्रण मिळालं, सोबत पियानोवर जिमी जोन्स आणि बासवर रिचर्ड डेव्हिस. एका गाण्यात काहीतरी गडबड होते आणि सारा त्या गडबडीचेच शब्द करून गात राहते. तिघं साथीदार तिच्या पायाखालची जमीन जराही हलू देत नाहीत. साथीच्या वर्गात शिकवायचं ते एवढंच आहे असं मला वाटतं. पुढे १९६३ च्या न्यूपोर्ट महोत्सवात नेहमीचा ड्रमर एल्विन जोन्सच्या जागी बसून सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनना वादळासारखी साथ देणारा माणूस हाच, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

१९६१ ची 'फोकस' तर वेगळीच. एडी साउटर यांनी तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं संगीत आणि त्यावर स्टॅन गेट्झचा उत्स्फूर्त सॅक्सोफोन. सात रचना, त्यांपैकी फक्त पहिलीत हेन्स. व्हायोलिनांच्या त्या गर्दीतून ते एकटे धावतात. बाकीच्या सहा ऐकतानाही माझे कान त्यांना शोधत राहतात.

स्वतःच्या नावावरच्या रेकॉर्डमध्ये ते आपला आवाज वाढवतील असं मला वाटलं होतं. १९५८ च्या 'वुई थ्री'चं नाव पाहा, 'आम्ही तिघं'. पियानोवर फिनिअस न्यूबॉर्न, बासवर पॉल चेंबर्स. त्यातला अकरा मिनिटांचा 'आफ्टर अवर्स' हा संथ ब्लूज नेता असलेल्या हेन्सनी जवळजवळ सगळा पियानोला देऊन टाकलाय. १९६२ च्या 'आउट ऑफ द आफ्टरनून'मध्ये त्यांनी रोलंड कर्कला घेतलं. हा कर्क एकाच वेळी दोन-तीन वाद्यं तोंडात धरून वाजवणारा. असा माणूस स्वतःहून शेजारी बसवायचा आणि त्याला पुरेल एवढी जागा करून द्यायची! आमच्याकडे तबल्याच्या सोलोला बसणारा हार्मोनियमवाल्याकडून लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एकच सुरावट, तेवढा मागतो. मी स्वतः तेच करत आले आहे. 'आउट ऑफ द आफ्टरनून' ऐकल्यापासून मात्र एक तास फक्त लेहऱ्यावर काढताना मला कोंदटल्यासारखं होतं.

गेल्या गुरुवारी वर्गातल्या दोन मोठ्या मुलांना 'मॅट्रिक्स' लावून दिली आणि बोटांच्या पेरांवर ४८ मोजायला सांगितलं. मुलगा चौथ्या आवर्तनात सुटला. मुलगी पियानोच्या अवघड वळणांतूनही टिकून राहिली. कसं धरलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ताई, मी ड्रमकडे लक्षच दिलं नाही, बास ऐकत होते."

येत्या गुरुवारी तिला सारा व्हॉन ऐकवणार आहे.