गाडीतली दुसरी बॅटरी आणि वाडीतले अकरा दिवस

बाबांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यांना घेऊन दोन-तीन दिवस ताडोबा किंवा चिखलदऱ्याला जायचे, तर गाडीतला छोटा फ्रिज रात्रभर चालला पाहिजे आणि सकाळी गाडीही सुरू झाली पाहिजे. त्यासाठी मी गाडीत काढता-घालता येणारी दुसरी बॅटरी बसवून घेतली. दोन दिवसांच्या कामाला अकरा दिवस लागले. ते कशात गेले हे सविस्तर लिहितो, कारण तीच चूक आणखी कुणाच्या गाडीत होऊ नये असे मनापासून वाटते.

उन्हात उभी गाडी आतून भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटरीला ती उष्णता मानवत नाही, म्हणून प्रवास नसताना बॅटरी घरात आणता यावी हे आधीच ठरले होते. १०० अँपिअर-अवर क्षमतेची (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचे माप) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोची असते, तर तेवढीच लेड-ॲसिड बॅटरी २५ किलोंच्या पुढे जाते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे निवडीला वेळ लागला नाही. गाडी २०२१ ची आहे आणि तिचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र, स्मार्ट आहे, मूळ बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो. अशा गाडीत दोन बॅटऱ्या आपोआप जोडणाऱ्या नुसत्या स्विचवर, म्हणजे रिलेवर, दुसरी बॅटरी पूर्ण भरण्याचा भरवसा नसतो. मिळेल तो व्होल्टेज उचलून १४.४ पर्यंत नेणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. मी २० अँपिअरचा घेतला. चार्जर मागच्या पॅनेलमध्ये पक्का बसवायचा आणि बॅटरीची पेटी ५० अँपिअरच्या करड्या अँडरसन प्लगने (हाताने काढता-घालता येणारा जाड जोड) जोडायची, असा बेत होता. सामान सहज जमले.

अडले ते नागपूरजवळच्या वाडीतल्या एका वर्कशॉपमध्ये. तिसऱ्या दिवशी 'गाडी तयार आहे' असा फोन आला. जाऊन डिकी उघडली, तर चार्जरवरचा हिरवा दिवा लागत होता, पाच-सात सेकंदांत विझत होता आणि पुन्हा लागत होता. मिस्त्रींनी चार्जरची वायर सोडवून मल्टीमीटर लावला. समोरच्या बॅटरीवर १३.१ व्होल्ट, मागे वायरच्या टोकाशीही १३.१. "भाऊ, करंट बरोबर येऊन राहिला, तुमचा चार्जरच खराब आहे," असे त्यांनी ठामपणे सांगितले आणि मी ते मानले. चार्जर विक्रेत्याकडे परत गेला, तपासून 'ठीक आहे' या शेऱ्यासह आला, आणि त्यात सहा दिवस गेले. या काळात गाडी वर्कशॉपच्या अंगणात धूळ खात होती आणि फोन केला की "उद्या पाहतो" एवढेच उत्तर मिळत होते.

चार्जर पुन्हा जोडला, दिवा पुन्हा तसाच. दहाव्या दिवशी मी स्वतःचा मल्टीमीटर घेऊन गेलो, इंजिन सुरू ठेवले, चार्जर जोडलेलाच राहू दिला आणि दिवा लागलेला असतानाच मोजले. समोर १३.१, मागे ११.६. दीड व्होल्ट वाटेत नाहीसा होत होता. वायरमधून करंट वाहत नसेल तर टोकाशी व्होल्टेज पूर्णच दिसणार. वायरची लायकी भार पडल्यावरच कळते. चार्जर २० अँपिअर देण्यासाठी समोरून २५ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि व्होल्टेज घसरला की तेवढीच शक्ती मिळवायला आणखी ओढतो. माझा चार्जर ११.९ च्या खाली बंद होतो. बंद झाला की भार सुटून व्होल्टेज वर येतो आणि तो पुन्हा सुरू होतो. दिव्याची उघडझाप त्याचीच होती.

दाराखालची पट्टी काढायला लावली. एस्टिमेटवर माझ्यासमोर वायरची जाडी १६ चौरस मिलिमीटर लिहिली होती आणि आत ४ ची वायर होती. जाण्या-येण्याची मिळून १० मीटर तांब्याची ४ ची वायर २५ अँपिअरला एक व्होल्टहून अधिक खाते, १६ ची सुमारे ०.३. उरलेले नुकसान ढिल्या क्रिंपचे, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडाचे, होते. अकराव्या दिवशी वायर बदलली, टोकाचे धातूचे लग नीट दाबून बसवले, आणि भारासह मागे १२.७ व्होल्ट आले. दिवा लागला तो विझलाच नाही. मी इंजिन सुरू ठेवून अर्धा तास तिथेच उभा राहिलो. सहा दिवस वाया गेल्याचा राग मात्र अजून आहे, कारण हे मोजमाप पाच मिनिटांचे होते.

फ्यूजचे सांगायचे राहिले. एक फ्यूज समोरच्या बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर तिला तोच वाचवतो. दुसरा बॅटरीच्या पेटीजवळ लावावा, कारण करंट तिकडूनही येऊ शकतो. पेटी रॅचेट पट्ट्याने सीटच्या बोल्टला आवळावी. घरी लेड-ॲसिडचा जुना चार्जर या बॅटरीला लावू नये, आणि महिनाभर ठेवायची असेल तर ती अर्धी भरलेली ठेवावी. वायरची जाडी मात्र पट्टी बंद होण्याआधी स्वतः पाहावी.

मे महिन्यात चिखलदऱ्याला मुक्काम केला. सकाळी फ्रिज ४ अंशांवर होता आणि रात्रभरात २० अँपिअर-अवरही खर्च झाले नव्हते. घाट उतरून परतवाड्याला चहाला थांबलो, तोपर्यंत ते भरूनही आले होते. बाबांनी इन्सुलिनची पेटी उघडून हात लावून पाहिली आणि झाकण लावले.